प्रोस्टेटचा कर्करोग, वय सत्तेचाळीस: मुंबईतील संयुक्त सल्ला ओपीडीविषयी अभिप्राय

हा अभिप्राय मुंबईतील एका मोठ्या कर्करोग रुग्णालयाच्या संयुक्त सल्ला ओपीडीविषयी आहे. प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालील ग्रंथीच्या) कर्करोगाचे निदान झालेल्या रुग्णाला येथे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आणि किरणोपचाराचे डॉक्टर एकाच दिवशी, एकाच टेबलापाशी, एकच फाईल उघडून भेटतात. पुढे काही उणिवाही लिहायच्या असल्याने मी रुग्णालयाचे नाव देत नाही. या सेवेने आमचा निर्णय घेतला नाही, तो आम्हाला घेता येईल इतकी माहिती आमच्या हातात दिली, आणि माझ्या मते तिची खरी किंमत यातच आहे. सिंधुदुर्गातून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठणाऱ्या कुटुंबांना अशा ओपीडीत काय मिळते, काय मिळत नाही आणि जाताना काय बरोबर न्यावे, हे कळावे म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझे यजमान ४७ वर्षांचे आहेत. वेंगुर्ले तालुक्यात आमचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. त्यांना लघवीचा त्रास नव्हता, वजन घटलेले नव्हते, कुठे दुखतही नव्हते. मुंबईतील थोरल्या दिरांना अठ्ठावन्नाव्या वर्षी हाच आजार निघाला आणि त्यांच्या डॉक्टरांनी धाकट्या भावांनाही पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या आजाराचा सुगावा देणारी रक्ताची चाचणी, तपासून घ्यायला सांगितले, एवढ्यावरूनच आम्ही रक्त दिले. पीएसए ६.८ आला, म्हणजे या वयाच्या मानाने जास्त. लघवीत जंतुसंसर्ग नसल्याची खात्री करून काही आठवड्यांनी पुन्हा तपासला, तेव्हाही तो जवळपास तेवढाच होता. पुढे एमआरआयमध्ये एक संशयास्पद जागा दिसली आणि बायोप्सीत, म्हणजे ग्रंथीचे छोटे तुकडे काढून केलेल्या तपासणीत, कर्करोग निघाला. हा आजार बहुधा साठी-पासष्टीनंतरचा मानला जातो. त्यामुळे गावात ज्यांना सांगावे लागले त्या प्रत्येकाचा पहिला उद्गार एकच होता, की एवढ्या लहान वयात कसा? वडील किंवा सख्खा भाऊ यांना हा आजार असेल तर धोका वाढतो आणि अशा घरांतील पुरुषांनी चाळिशीतच डॉक्टरांशी पीएसएविषयी बोलावे, हे आम्हाला दिरांच्या आजारपणापूर्वी कोणी सांगितले नव्हते. म्हणून ते येथे मुद्दाम नोंदवते.

बायोप्सीचा अहवाल हाती आला त्याच आठवड्यात एका खासगी दवाखान्यात आम्हाला शस्त्रक्रियेची तारीख सुचवली गेली. किरणोपचाराचा उल्लेख झाला, पण तो 'म्हाताऱ्या माणसांसाठी' अशा दोन शब्दांत संपला. मला बाहेर बसायला सांगितले होते, त्यामुळे मला जे कळले ते यजमानांच्या तोंडून कळले, आणि त्या दिवशी त्यांच्या डोक्यात अर्धेच शिरले होते. घरी सासूबाईंचे म्हणणे सरळ होते: "वाट कित्याक बघतस? काढून टाक आणि मोकळो हो." गोव्यातील एका नातेवाइकांनी बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात दाखवण्याचा आग्रह धरला, एकाने कोल्हापूर सुचवले, एकाने औषधी काढा. प्रत्येकाच्या बोलण्यात माया होती, तरीही त्या सगळ्यातून निवड कशी करावी हे कळत नव्हते. दिरांच्या डॉक्टरांनी एक वाक्य सांगितले, त्याने घर थोडे शांत झाले: हा कर्करोग बहुतेक वेळा सावकाश चालतो, निर्णयाला काही आठवडे घेतले तर नुकसान होत नाही, आणि बायोप्सीनंतरची सूज उतरावी म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी काही आठवडे थांबावेच लागते.

संयुक्त ओपीडीची वेळ घेताना आमच्याकडे चार गोष्टी मागितल्या: पीएसएचे सगळे जुने अहवाल तारखांसह, एमआरआयची सीडी, बायोप्सीचा अहवाल, आणि बायोप्सीत काढलेले तुकडे ज्यांत जपलेले असतात त्या काचा व मेणाचे ब्लॉक. अहवालाची झेरॉक्स चालणार नाही, मूळ काचाच हव्यात, असे फोनवरच बजावले होते. आपल्याकडे अनेकांना हे ब्लॉक आपल्याला मागता येतात हेच माहीत नसते. ज्या प्रयोगशाळेत तपासणी झाली तिथे लेखी अर्ज केल्यावर ते आम्हाला मिळाले.

या एका मागणीने आमच्या प्रकरणाचे चित्र बदलले. प्रोस्टेटच्या कर्करोगाची प्रत ग्लीसन अंकाने मोजतात. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रचना किती बिघडली आहे यावरून ३, ४ किंवा ५ असा अंक देतात. सर्वांत जास्त दिसणाऱ्या रचनेचा अंक आधी आणि दुसऱ्या रचनेचा नंतर लिहून त्यांची बेरीज करतात. आमच्या पहिल्या अहवालात ४+३=७ असे लिहिले होते. रुग्णालयातील पॅथॉलॉजिस्टनी त्याच काचा पुन्हा वाचून ३+४=७ असा निष्कर्ष दिला, आणि चौथ्या दर्जाच्या पेशींचे प्रमाण साधारण दहा टक्के असल्याचे नमूद केले. बेरीज दोन्हीकडे सातच होते, पण ३+४ हा गट दोन आणि ४+३ हा गट तीन, आणि या दोन गटांत आजार पुढे कसा वागेल याचा अंदाज बराच वेगळा, गट दोनमध्ये अधिक बरा, असतो. अशा वाचनात दोन तज्ज्ञांचे मत वेगळे पडणे हे वैद्यकात नवे नाही. कोणी निष्काळजीपणा केला असे मला म्हणायचे नाही, आणि ४+३ समोर धरून पाहिले तर पहिल्या डॉक्टरांनी सुचवलेला पेट स्कॅनही (आजार शरीरात इतरत्र पसरला आहे का हे पाहणारा) रास्तच होता. ३+४ आणि दहाच्या आतला पीएसए असताना त्या स्कॅनची गरज नाही, असे येथे सांगण्यात आले. निर्णयाच्या आधी काचा दुसऱ्या डोळ्यांखालून जाणे ही या सेवेतील मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट आहे, आणि याच एका कारणासाठीही मी ती कोणालाही सुचवीन.

प्रत्यक्ष भेटीत दोन्ही डॉक्टरांनी मला आत बोलावून खुर्ची दिली आणि आधी प्रश्न विचारले. कामाचे स्वरूप काय, घरी कोण कोण, आणखी मूल हवे आहे का, लैंगिक संबंध पूर्वीसारखे आहेत का, लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांपैकी कशाची धास्ती जास्त वाटते. शेवटच्या प्रश्नाला यजमानांनी बराच वेळ उत्तर दिले नाही. डॉक्टर थांबले, त्यांनी विषय बदलला नाही. मग तीन रस्ते मांडण्यात आले.

पहिला रस्ता सक्रिय देखरेखीचा. म्हणजे सध्या उपचार नाही, पण ठरलेल्या अंतराने पीएसए, एमआरआय आणि पुन्हा बायोप्सी, आणि आजाराने रंग बदलला तर लगेच उपचार. ग्लीसन ३+३ असलेल्या रुग्णांना आज बहुतेक ठिकाणी हाच रस्ता आधी सुचवतात. ३+४ मध्ये तो निवडक रुग्णांनाच देतात. येथे डॉक्टरांनी ब्रिटनमधील 'प्रोटेक्ट' या अभ्यासाचे आकडे सांगितले. १९९९ ते २००९ या काळात निदान झालेल्या १,६४३ पुरुषांची देखरेख, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार अशा तीन गटांत विभागणी केली होती. सरासरी १५ वर्षांनी पाहिले तेव्हा प्रोस्टेटच्या कर्करोगाने दगावलेल्यांचे प्रमाण तिन्ही गटांत ३ टक्क्यांच्या आसपास होते. आजार शरीरात इतरत्र पसरण्याचे प्रमाण मात्र देखरेखीच्या गटात ९.४ टक्के आणि उपचारांच्या दोन्ही गटांत साधारण ५ टक्के होते. देखरेखीतल्या सुमारे ६० टक्के पुरुषांनी या काळात पुढे उपचार घेतलेच.

हे आकडे ऐकून मला प्रथम हायसे वाटले, आणि त्याच क्षणी किरणोपचाराच्या डॉक्टरांनी जे सांगितले ते या भेटीतले माझ्या मते सर्वांत प्रामाणिक बोलणे होते. त्या अभ्यासातले पुरुष ५० ते ६९ या वयाचे होते आणि त्यांतल्या बहुतेकांचा आजार सौम्य होता. सत्तेचाळिशीतल्या माणसाची पंधरा वर्षे बासष्टीला संपतात, त्याला त्यापुढच्या वीस-पंचवीस वर्षांचाही विचार करावा लागतो, आणि तेवढ्या लांबचे उत्तर कोणत्याच अभ्यासात पूर्ण सापडत नाही. आपल्याच शाखेचा उपचार गळ्यात मारण्याची घाई असती तर हे वाक्य उच्चारले गेले नसते.

दुसरा रस्ता शस्त्रक्रियेचा, म्हणजे प्रोस्टेट पूर्ण काढून टाकण्याचा. काढलेली ग्रंथी संपूर्ण तपासता येते, त्यामुळे आजार नेमका किती होता हे कळते. नंतर पीएसए जवळजवळ शून्यावर यावा लागतो, म्हणून आजार परतला तर लवकर ध्यानात येते. तसे झाले तर किरणोपचाराचा मार्ग मोकळा असतो. आधी किरणोपचार घेऊन नंतर शस्त्रक्रिया करणे मात्र फार अवघड असते, आणि तरुण वयात शस्त्रक्रियेकडे कल असण्याचे हे एक मोठे कारण आहे. यंत्रमानवाच्या साहाय्याने शस्त्रक्रिया केल्यास रक्तस्राव कमी होतो आणि रुग्ण लवकर घरी जातो, पण लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांचा निकाल यंत्रापेक्षा ते चालवणाऱ्या हातांच्या अनुभवावर अवलंबून असतो, हे सर्जनांनी स्वतःच सांगितले. तुम्ही वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता, हा प्रश्न मी विचारला. त्याचे उत्तर न रागावता मिळाले.

तिसरा रस्ता किरणोपचाराचा, ज्याला आमच्याकडे लोक 'लाईट देणे' म्हणतात. पूर्वी याला सात-आठ आठवडे लागत. आता वीस बैठकांत, म्हणजे साधारण चार आठवड्यांत तो पूर्ण होतो, आणि योग्य रुग्णांना तो पाच बैठकांतही देता येतो. कापाकापी नाही, लघवीची नळी नाही, लघवीची गळती क्वचित. उपचार चालू असताना लघवीला जळजळ, वारंवार जावे लागणे आणि शौचाचा त्रास होऊ शकतो. काहींना पुढे गुदाशयातून रक्त जाते, आणि लैंगिक क्षमता हळूहळू काही वर्षांत उतरते. शिवाय तरुण रुग्णाच्या बाबतीत किरण गेलेल्या भागात, मूत्राशयात किंवा गुदाशयात, दहा-वीस वर्षांनी दुसरा कर्करोग होण्याचा धोका थोडा वाढतो. धोका लहान आहे, पण ज्याच्यापुढे चाळीस वर्षे असू शकतात त्याने तो हिशेबात धरावा, असे सांगण्यात आले. 'म्हाताऱ्या माणसांसाठी' या दोन शब्दांमागे खरे कारण काय होते, ते असे महिन्याभराने उलगडले.

आता ज्या विषयावर आपल्याकडे कोणी बोलत नाही त्याविषयी. प्रोस्टेट काढल्यावर वीर्य बाहेर येत नाही, म्हणजे नैसर्गिक रीतीने मूल होण्याची शक्यता संपते. त्यामुळे ज्यांना मूल हवे आहे त्यांनी आधी शुक्राणू गोठवून ठेवणे इष्ट असते. आम्हाला एक मुलगी आहे आणि आमचे कुटुंब पूर्ण आहे, पण तिशी-चाळिशीतल्या रुग्णाला हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जायला हवा, आणि येथे तो विचारला गेला. ताठरतेसाठीच्या नसा ग्रंथीला अगदी चिकटून जातात. आजार त्यांच्यापर्यंत पोचला नसेल तर त्या वाचवता येतात, तरीही त्या जाग्या व्हायला अनेक महिने, कधी दोन वर्षे लागतात, आणि काहींच्या बाबतीत त्या पूर्वीसारख्या होत नाहीत. प्रोटेक्टमध्येच शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी ४६ टक्के पुरुष पॅड वापरत होते, सहा वर्षांनी १७ टक्के. संबंधापुरती ताठरता सहा महिन्यांनी जेमतेम १२ टक्क्यांना होती. ते पुरुष वयाने मोठे होते आणि पन्नाशीच्या आतल्यांना दोन्ही बाबतींत बरे निकाल मिळतात, हे खरे. पण पत्नी म्हणून हे आकडे मला शस्त्रक्रियेनंतर अंधारात कळण्यापेक्षा आधी, टेबलापाशी, नवऱ्याच्या शेजारी बसून कळले, याचे मला मोल वाटते. ज्या घरात हा विषय न बोलता शस्त्रक्रिया होते तिथे नंतर पुरुष एकटा पडतो आणि बाईला वाटते की तिचेच काही चुकले. असे घर मी जवळून पाहिले आहे.

आणखी एक चौकशी या ओपीडीने केली, जी इतर कुठेही झाली नव्हती. सासऱ्यांच्या बहिणीला, म्हणजे यजमानांच्या आत्यांना, स्तनाचा कर्करोग पन्नाशीच्या आत झाला होता. तो आजार आणि दोन भावांचा प्रोस्टेटचा आजार यांचा संबंध आमच्यापैकी कोणीच लावला नव्हता. बीआरसीए-२ या जनुकातील दोष दोन्हींच्या मुळाशी असू शकतो, तो असेल तर प्रोस्टेटचा आजार अधिक आक्रमक होण्याची भीती असते आणि निव्वळ देखरेखीवर राहणे जोखमीचे ठरते. शिवाय तो मुलीकडेही जाण्याची शक्यता पन्नास टक्के असते. रक्ताची तपासणी झाली, दोष आढळला नाही. त्या अहवालाची वाट पाहताना मला यजमानांपेक्षा मुलीची काळजी अधिक वाटत होती, हे लिहून ठेवते.

खर्च आणि मुक्काम यांविषयी थोडक्यात. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. कोणता उपचार त्यात बसतो हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे (योजनेच्या मदतनिसाकडे) आधी विचारून लिहून घ्यावे. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीच्या मूळ भाड्यात पूर्ण सूट आणि सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के सवलत असते. त्यासाठी रुग्णालयाचे ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. तुतारी एक्स्प्रेस सावंतवाडीहून सुटून थेट दादरला संपते, ती सोयीची. किरणोपचारासाठी महिनाभर राहावे लागले तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन या दोन ठिकाणी चौकशी करावी.

आता उणिवा. दिलेली वेळ आणि प्रत्यक्ष भेट यांत अर्धा दिवस गेला आणि बसायला पुरेशी जागा नव्हती. परगावहून रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला हे फार जड जाते. भेटीनंतर दिलेला सल्ल्याचा कागद पूर्ण इंग्रजीत होता. तो मी वाचू शकले, पण आमच्यासोबत रांगेत बसलेले राजापूरकडचे एक मच्छीमार आपला कागद हातात धरून माझ्याकडे आले, तेव्हा तीन रस्ते ज्यांच्यासाठी इतक्या मेहनतीने मांडले त्यांच्या हातात शेवटी काय पडते, असा प्रश्न पडला. समुपदेशनाची स्वतंत्र खोली नाही. लैंगिक पुनर्वसनाची औषधे आणि उपकरणे यांविषयीची माहिती परिचारिकेने व्हरांड्यात, लोकांची ये-जा चालू असताना दिली. ताई मनापासून सांगत होत्या, पण यजमानांनी मान वर केली नाही. व्हिडिओवरील पुढील भेटीची सोय चांगली आहे, परंतु पावसाळ्यात आमच्या वाडीत नेटवर्क टिकत नाही आणि तुटलेली भेट पुन्हा जोडून मिळायला आठवडा जातो.

यजमानांनी शेवटी शस्त्रक्रिया निवडली. पुढे किरणोपचाराचा मार्ग शिल्लक राहतो, आणि आजार शरीरात ठेवून दर काही महिन्यांनी अहवालाची वाट पाहणे त्यांच्या स्वभावाला झेपले नसते, ही त्यांची दोन कारणे. माझा कल सुरुवातीला देखरेखीकडे होता. तो मी त्यांच्यासमोर आणि डॉक्टरांसमोर बोलून दाखवला, आणि त्यांची कारणे ऐकल्यावर सोडला. काजूचा हंगाम उरकून शस्त्रक्रिया झाली. ओटीपोटाच्या तळाच्या, लघवी रोखून धरणाऱ्या स्नायूंचे व्यायाम आधीपासूनच शिकवले होते, त्यांचा उपयोग शस्त्रक्रियेनंतरची लघवीची नळी निघाल्यावर झाला. गळती दिवसेंदिवस कमी होत आहे, उरलेल्याला वेळ लागेल. पहिला पीएसए ०.१ पेक्षा कमी आला.

ज्यांच्यापुढे एकाहून अधिक उपचार खरोखर खुले आहेत, विशेषतः वय कमी आहे, अशांनी ही सेवा जरूर घ्यावी, आणि पत्नीने आत बसावे. आजार हाडांत पसरलेला असेल तर प्रश्न वेगळे असतात, तिथे औषधोपचाराचे कर्करोगतज्ज्ञ आधी भेटणे बरे. रुग्णालयाकडे मी दोन मागण्या लेखी पाठवल्या आहेत: सल्ल्याचा कागद मराठीतही द्यावा आणि जोडप्यांशी बोलण्यासाठी दार लावता येईल अशी एक खोली असावी. उत्तर आले की या अभिप्रायात जोडीन.